पुलाखालचा मार्शल
परवा बंगळुरूत मारतहळ्ळीच्या पुलाखाली पाण्याचा टँकर थेट पदपथावर चढवलेला. शेजारीच महापालिकेचा मार्शल उभा, लष्करी छापाचा गणवेश, हातात पावतीपुस्तक. कचरा टाकणाऱ्याला दंड करतो, टँकर मात्र वाहतूक पोलिसांचा विषय, म्हणाला. खरंच होतं ते. सप्टेंबर २०२५मध्ये बंगळुरूच्या पाच महापालिका झाल्या, आपण ‘पूर्व’मध्ये आलो, पोलीस मात्र राज्याचेच, राज्यघटनेनंच तो विषय राज्यांना दिलाय. खून-दरोडे पोलीस आयुक्तालयाकडेच राहू देत. पण पदपथ, पार्किंग, रात्रीचा गोंगाट यांसाठी पूर्व महापालिकेला कायद्यानं अधिकार दिलेलं स्वतःचं दल हवंच. आणि तेही पगारी. मुंबईत क्लीन-अप मार्शल ठेकेदारांकडून घेतले, दंडात त्यांना वाटा दिला, तेव्हा वसुलीच्या तक्रारींना ऊत आला होता. महापालिकेसाठी मत मागायला जो दारात येईल, त्याला असं दल देणार का, एवढं विचाराच.