हल्ली मुक्काम बडोदे

गेल्या आठवड्यात न्यू जर्सीहून माझा भाचा आला. सोबत त्याची अकरा वर्षांची लेक. शाळेनं तिला घराण्याची वंशावळ करायला सांगितली आहे आणि शेवटी सर्वांत जुन्या पूर्वजाच्या थडग्याचा फोटो चिकटवायचा आहे. तिच्या वर्गातल्या मुलांना ते सोपं जातं. गावातल्या दफनभूमीत जायचं, दगडावरचं नाव आणि साल वाचायचं. सयाजीगंजातल्या आमच्या गॅलरीत उभी राहून तिनं विचारलं, "मामाआजोबा, आपला पहिला माणूस कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कीर्तिमंदिरात घेऊन गेलो. काळ्या घोड्यावरून विश्वामित्रीच्या पुलाकडे निघालं की ते दगडी शिखर दिसू लागतं. शिखरावर कांस्याचे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या हीरक महोत्सवानिमित्त, 1936 मध्ये, गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांसाठी हे उभारलं. महाराज स्वतः कवळाण्याच्या शेतकरी घरातून बाराव्या वर्षी, 1875 मध्ये, दत्तक आलेले. दत्तक आलेल्या मुलानं सगळ्या घराण्याच्या पितरांना एक घर बांधून दिलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आतल्या भिंतींवर नंदलाल बोसांनी गंगावतरण, मीरा आणि महाभारतातलं युद्ध रंगवलं.

पोरगी म्हणाली, "म्हणजे पहिले गायकवाड इथे आहेत?"

नाहीत. बडोद्याच्या राज्याचा पाया ज्यांनी घातला त्या पिलाजीरावांना अग्नी दिला तो इथून सुमारे तीस किलोमीटरवर, सावलीला. 1732 साली डाकोरला वाटाघाटी चालू असताना गुजरातचा सुभेदार, मारवाडचा राजा अभयसिंग, याच्या माणसानं त्यांचा दगा करून खून केला. सोबतच्या मराठ्यांनी मारेकऱ्याला तिथेच ठार केलं, धन्याचा देह उचलला आणि मही नदी ओलांडून अलीकडे आणला. सावलीला चिता रचली. शत्रूच्या मुलखात देह ठेवायचा नाही, एवढाच तेव्हा विचार असणार. त्याच वर्षी बडोदं हातचं गेलं आणि 1734 मध्ये परत आलं ते 1949 च्या विलीनीकरणापर्यंत गायकवाडांकडेच राहिलं. कीर्तिमंदिर बघितलं की घराण्याचं वैभव कळतं. सावलीचं स्मारक बघितलं की ते किती अडचणीतून उभं राहिलं ते कळतं. पूर्वज शोधायचा तर मला दुसरी जागा जास्त जवळची वाटते.

पण आमच्यासारख्या कारकुनाच्या घराला ना कीर्तिमंदिर, ना सावली. देह खासवाडीच्या स्मशानात, अस्थी नदीत. मागे दगडसुद्धा राहत नाही. पितृपक्षात तर्पण करताना मी वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचं नाव घेतो. शास्त्र तीन पिढ्यांपर्यंतच नावानं हाक मारतं. चौथी पिढी तोंडातून गळते. आमच्या घरात बडोद्याला आलेला पहिला माणूस नेमका चौथा, माझे खापरपणजोबा. कित्येक वर्षं मला त्यांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

ते सापडलं नाशिकला. वडील गेले तेव्हा अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो. तीर्थोपाध्यायांनी दोनच गोष्टी विचारल्या, मूळ गाव आणि आडनाव. मग आत जाऊन लाल कापडात बांधलेली लांबट वही घेऊन आले. कडा झिजलेल्या, कागद चहाच्या रंगाचा झालेला. गुरुजींनी मोडीतल्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू वाचून दाखवलं. शके 1805. खापरपणजोबा स्वतः आपल्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, भावांची नावं, मूळ गाव. आणि शेवटी, "हल्ली मुक्काम बडोदे." खाली त्यांची सही. सहीच्या शेवटी लेखणी जरा जास्त दाबली गेली होती आणि शाई कागदाच्या मागपर्यंत उतरली होती. मी पान उलटून तो ठिपका पाहिला. वडिलांचा कलश हातात असताना, त्या ठिपक्यापाशी मला रडू आवरलं नाही.

त्याच पानावर शके 1832 ची नोंद आहे. माझे पणजोबा खापरपणजोबांच्या अस्थी घेऊन आले, अशी. म्हणजे आमचा पहिला माणूस कुठे आहे, याचं उत्तर लिहिलेलं आहे. रामकुंडातल्या अस्थिविलय तीर्थात. तिथे माझे वडीलही आहेत.

ही वही कुठल्या सरकारनं ठेवलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका घरानं दुसऱ्या घराची नावं जपली आहेत. आता अस्थी बहुतेक जण जवळच चांदोदला, नर्मदेत सोडतात. त्यात गैर काहीच नाही. पण नाशिकच्या वहीतलं आपलं पान त्यामुळे पुढे कोरं राहतं. ज्यांचे आजे-पणजे देशावरून किंवा कोकणातून इकडे आले, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. एकदा जा, मूळ गाव सांगा, वही उघडायला लावा आणि आपल्या पिढीची नोंद आपल्या हातानं करून या. मोडी वाचणारे गुरुजी आता थोडेच उरले आहेत.

मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो होता, तो नातीला दाखवला. वंशावळीच्या शेवटी तोच चिकटवायचं ठरलं. तिनं मला अक्षर न्‌ अक्षर वाचायला लावलं.

"हल्ली म्हणजे काय?"

"आत्ता. सध्या."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण आपण अजून इथेच आहोत ना?"

परत जाण्याआधी तिला नाशिकला नेणार आहे. तिचं नाव, तिच्या आईचं, बापाचं, आणि पुढे, हल्ली मुक्काम न्यू जर्सी. सही मात्र तिचीच.