नळ दारात आला, दुरुस्ती करणारा कुठे आहे?

सांताक्रूझ, प्रतिनिधी – सांताक्रूझ पूर्वेकडील वाकोला, कलिना आणि गोळीबार परिसरातील अनेक कोकणी कुटुंबांचे दुसरे घर रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एखाद्या वाडीत असते. शिमगा, मे महिन्याची सुट्टी आणि गणपती या तीन वेळा ते उघडते, एरवी त्याला कुलूप असते. गेल्या काही वर्षांत या घरांच्या अंगणातही नळ पोहोचला. विहिरीवरची खेप वाचली, याचे समाधान मोठे आहे. तथापि, घर बंद असताना त्या नळाचा वायसर झिजला, पाइपचा सांधा सुटला किंवा टाकीचा फ्लोट अडकला, तर ते पाहायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर ना घरमालकाकडे आहे ना ग्रामपंचायतीकडे.

जोडण्या मोजल्या, देखभाल राहिली

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा केली, तेव्हा देशातील ३ कोटी २३ लाख ग्रामीण कुटुंबांकडे, म्हणजे जेमतेम १७ टक्के घरांत नळजोडणी होती. २०२५ च्या प्रारंभी हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला. प्रत्येक माणसाला दिवसाला किमान ५५ लिटर पाणी, हे योजनेचे परिमाण. मूळ मुदत २०२४ ची होती. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढविण्यात आली आणि त्याच वेळी कामाचा दर्जा व देखभाल-दुरुस्ती यांवर भर देण्याचे जाहीर झाले. जोडणी देणे आणि ती चालू ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल.

गावांतर्गत योजनेची जबाबदारी ग्रामपंचायत आणि ग्राम पाणीपुरवठा समितीवर आहे. या समितीत निम्म्या महिला असाव्यात, असे मिशनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मुख्य जलवाहिनी, साठवण टाकी आणि वाडीवरचा व्हॉल्व्ह समितीच्या अखत्यारीत येतात. घराच्या आतली तोटी, पाइप, टाकी आणि पंप मात्र घरमालकाचा. कागदावर ही विभागणी स्वच्छ आहे. पाणी मात्र कागदावरची रेघ पाळत नाही.

गळती खासगी नसते

साधे गणित करून पाहावे. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाला सुमारे चार लिटर पाणी घालवते. दहा मिनिटांत एक लिटर गळणारा सांधा, टाकीत पाणी असेल तर, दिवसाला १४४ लिटर घालवतो. ५५ लिटरच्या हिशेबाने हा अडीच माणसांचा वाटा झाला. कोकणातील डोंगरउतारावरच्या वाड्यांत वरच्या अंगाच्या घरात फुटलेला पाइप खालच्या अंगाचा दाब घालवतो. धो धो पावसाच्या या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. अशा वेळी मुंबईकराच्या बंद घरातील गळती ही शेजारच्या म्हातारीच्या हंड्यातली तूट असते.

दुसरा धोका आरोग्याचा. बहुतेक गावांत पाणी चोवीस तास नसते, ठरावीक वेळ सुटते. पुरवठा थांबला की पाइपमधील दाब पडतो आणि फुटक्या सांध्यातून भोवतालचे डबक्यातले किंवा गटाराचे पाणी आत खेचले जाते. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धारेबरोबर ते थेट कळशीत येते. नळाशी पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. टाकीवर ब्लीचिंग पावडर टाकूनही वाटेतला सांधा फुटका असेल, तर त्या खबरदारीवर पाणी पडते. पावसाळ्याच्या तोंडावर जुलाब आणि काविळीच्या साथी येतात, तेव्हा घरातील सांधेही तपासले गेले पाहिजेत.

घरमालकाच्या हाती काय?

जाणकारीचा अभाव हे निम्म्या बिघाडांचे कारण असते. घरात येणाऱ्या पाइपवर मुख्य कॉक कुठे आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक हवे. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक ऐन वेळी जाम होतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तो एकदा पूर्ण बंद करून उघडावा. पांढरा पीव्हीसी पाइप उन्हात राहिला की ठिसूळ होतो. तो जमिनीत पुरावा किंवा झाकावा. आट्यांच्या सांध्याला आता ताग आणि सफेद्याऐवजी टेफ्लॉन टेप वापरतात. टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावी, उलटी गुंडाळल्यास ती घट्ट करताना सुटते.

पाइप फुटल्यास आधी मुख्य कॉक बंद करावा, पंपाचा वीजपुरवठा तोडावा आणि खालची तोटी उघडून उरलेले पाणी काढावे. फूट कॉकच्या अलीकडे असेल, तर पंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याला सांगून वाडीचा व्हॉल्व्ह बंद करून घ्यावा. पाइप पुसून सायकलच्या ट्यूबची पट्टी तारेने आवळून बांधली की एक-दोन दिवस निभावतात. मात्र ही मलमपट्टी कायमची ठेवू नये. फुटका तुकडा कापून नवा जोड सॉल्व्हंटने चिकटवावा आणि तो पुरता वाळल्याखेरीज पाणी सोडू नये. घाईत सोडलेला जोड पुन्हा सुटतो.

विहिरीवरचा पंप पाणी उचलत नसेल, तर बहुधा फूट व्हॉल्व्हमध्ये पालापाचोळा किंवा गाळ अडकून पंपाने हवा धरलेली असते. अशा वेळी पंप कोरडा चालवत राहिल्यास सील जळते आणि शंभराच्या दुरुस्तीचे हजार होतात. ओल्या हाताने बटण दाबू नये आणि अर्थिंगची खातरजमा केल्याशिवाय पंपाला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

मुंबईला परतताना मुख्य कॉक आणि टाकीचा कॉक बंद करावा, टाकी रिकामी करून झाकण घट्ट लावावे आणि घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, हे मुंबईकराला कोणी शिकवण्याची गरज नाही.

कारागीर गावातच हवा

काही कामे मात्र घरमालकाला जमणारी नाहीत. तिथे अडचण सुरू होते. तालुक्याच्या ठिकाणचा प्लंबर एका तोटीसाठी वीस-पंचवीस किलोमीटर यायला राजी नसतो आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर सगळ्यांनाच तो एकदम हवा असतो. गावातला तरुण आयटीआयचा एक वर्षाचा प्लंबर अभ्यासक्रम पूर्ण करून शहराची वाट धरतो, कारण गावात रोजचे काम मिळत नाही.

सांताक्रूझचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. कोळेकल्याण, वाकोला ही एके काळी विहिरींवर जगणारी गावेच होती. १९५० साली हा भाग मुंबई महापालिकेत आला, नळ आले आणि त्यामागोमाग परवानाधारक प्लंबरची व्यवस्थाही उभी राहिली. पाइपबरोबर कारागीर आला, म्हणून ती टिकली. ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याचे उदाहरण आणखी मोठे आहे. तेथील तरुणांनी पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय हाती धरला, देशभरच्या शहरांत ते प्लंबर म्हणून काम करतात आणि जिल्ह्यातील पट्टामुंडई येथे या विद्येची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. एका भागाचे कौशल्य साऱ्या देशाच्या उपयोगी पडू शकते, मग कोकणाने आपल्या गावांसाठी असे कौशल्य का उभारू नये?

जल जीवन मिशनचा ‘नल जल मित्र’ कार्यक्रम याच दिशेचा आहे. गावातीलच व्यक्तीला नळकाम, पंप आणि विजेची प्राथमिक दुरुस्ती शिकवायची, अशी ती कल्पना. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राने पोट भरत नाही, त्याला कायम कामाची हमी लागते. इथे मुंबईतील ग्रामस्थ मंडळांना मोठे काम करता येईल. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी काढणाऱ्या या मंडळांनी चार-पाच वाड्या मिळून एका प्रशिक्षित तरुणाला वार्षिक मोबदला ठरवून दिला, बंद घरांची महिन्याला एक फेरी त्याच्याकडे सोपवली आणि कामाचे दरपत्रक पंचायतीच्या फलकावर लावले, तर त्याला गाव सोडावे लागणार नाही आणि शेजारच्या वाडीचा हंडाही रिकामा राहणार नाही.

पाणीपट्टी नियमित भरणे ही याची पहिली अट आहे. वर्षातून महिनाभर राहणाऱ्या घरमालकाला ती नकोशी वाटते. पण जलवाहिनी त्याच्या दारापर्यंत वर्षभर भरलेली असते आणि तिची देखभाल उरलेले गाव करत असते. नळ सरकारने दिला. तो दहा वर्षांनीही वाहता राहील की गंजून जाईल, हे गावात राहणारे आणि सांताक्रूझमध्ये राहणारे असे दोघे मिळून ठरवणार आहेत.