रानपिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके

लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी, पांढऱ्या छातीचा नारिंगी कोल्हा, टोपीसकट ओकचं फळ, काटेरी हेजहॉग, पाइनचं बोंड. क्रोशानं विणलेली आणि पोटात कापूस भरलेली ही चिमुकली मंडळी आता आपल्याकडे घरोघर दिसतात. कुणाच्या पाळण्यावर टांगलेली असतात, कुणाच्या गाडीत आरशाला, कुणाच्या किल्ल्यांच्या जुडग्याला. जपान्यांनी या प्रकाराला अमिगुरुमी हे नाव दिलं आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तो जगभर गेला. पुण्याच्या तुळशीबागेत लोकर घ्यायला येणाऱ्या कॉलेजच्या मुली हल्ली स्वेटरच्या लोकरीऐवजी सुती धागा आणि प्लॅस्टिकचे डोळे मागतात. ते ऐकून मला फार बरं वाटतं.

हा छंद मला मनापासून आवडतो, म्हणूनच एक गोष्ट आग्रहानं सांगावीशी वाटते. हे सगळं रान युरोपातलं आहे. ती लाल अळंबी बर्च, पाइन अशा झाडांच्या मुळांशी जोडलेली असते, त्यांच्याशिवाय वाढत नाही. ती विषारी असते, तरीही जर्मनीत तिला भाग्याची खूण मानतात आणि नव्या वर्षाला तिची चित्रं, तिच्या आकाराच्या मिठाया एकमेकांना देतात. तिथली बाई ती अळंबी विणते तेव्हा लहानपणी पाहिलेलं रान विणत असते. आपल्यापाशी सह्याद्री आहे, सातपुडा आहे आणि हातात तीच सुई आहे. आपल्या रानाचे नमुने आपण बसवायला हवेत. त्यासाठी लागणारी विद्या आपल्या घरांत कधीचीच आहे.

रुखवतात मांडायचा गोल रुमाल किंवा पाण्याच्या भांड्यावर झाकायचा, कडेला मणी लावलेला रुमाल ज्यांनी विणला आहे, त्यांना हे गणित बोटांनी येतं. दर फेरीला खांब पुरेसे वाढवले तर रुमाल सपाट बसतो. कमी वाढवले की त्याची वाटी होते, जास्त वाढवले की झालर पडते. मुक्या खांबाचं काम असेल तर फेरीमागे सहा वाढवायचे, लांब खांबाचं असेल तर बारा. हे आकडे कुठून आले? मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्यानं वाढली की परीघ सव्वासहा टाक्यांच्या आसपास वाढतो. शाळेत शिकलेला दोन पाय आर तो हाच. लांब खांबाची उंची साधारण दुप्पट, म्हणून बारा.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना नावाच्या, मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ शिकवत असत. विद्यार्थ्यांना हायपरबोलिक (अपास्तीय) भूमिती हाताळून बघता यावी म्हणून त्यांनी १९९७ मध्ये क्रोशाची सुई उचलली. त्याआधी या भूमितीतला पृष्ठभाग कागदाचे तुकडे चिकटवून दाखवत, आणि ते तुकडे फाटत. टायमिनांनी दर फेरीत ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवत नेले आणि तो पृष्ठभाग टिकाऊ होऊन हातात आला. आपण जिला झालर म्हणतो तीच ती. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी त्याच युक्तीनं क्रोशाचे प्रवाळ विणायला घेतले आणि त्यांच्यामागे देशोदेशीच्या हजारो बायका विणू लागल्या.

झालरीतून प्रवाळ निघाले, तशी वाटीतून खेळणी निघतात. मधल्या वेटोळ्यात सहा मुके खांब, मग बारा, अठरा, चोवीस, तीस, छत्तीस. त्यापुढे सहा फेऱ्या वाढ न करता, आणि मग त्याच क्रमानं घटवत परत सहावर. चेंडू तयार होतो. वाढीचे टाके दर फेरीत एकाच जागी एकावर एक आले तर चेंडूला सहा कोपरे येतात, म्हणून ते थोडे सरकवत न्यायचे. सुई धाग्याच्या मानानं एक नंबर बारीक घ्यायची, म्हणजे वीण घट्ट होते आणि आतला कापूस टाक्यांमधून डोकावत नाही. एवढं हाती आलं की पुढचं सगळं निरीक्षणावर चालतं: प्राणी कुठे फुगतो, कुठे आवळतो, कुठे सरळ जातो.

आपली अळंबीच घ्या. गोव्यात जिला रोयण अळमी म्हणतात, कोकणातही पावसाळ्यात जिची वाट बघतात, ती वारुळाशी उगवणारी. तिची बुरशी वाळवी आपल्या घरात, जमिनीखाली, चावलेल्या लाकूड-पाचोळ्यावर पोसत असते. पाऊस पडला की त्यातून अळंबी वर येते. तिची मातकट टोपी मधोमध टोकदार असते, आणि तिचा देठ जमिनीशी संपत नाही. तो मुळासारखा निमुळता होत खाली वाळवीच्या बागेपर्यंत जातो. बाजारातल्या नमुन्यात देठाला सपाट तळ असतो, कारण ती अळंबी टेबलावर उभी करायची असते. आपली अळंबी विणताना सुरुवात सहाऐवजी चार टाक्यांनी करावी, दोन-तीन फेऱ्या अगदी थोडी वाढ द्यावी, म्हणजे टोक निघतं. मग सहा-सहानं पसरावं. टोपीखाली पांढरट सपाट चकती, तिच्यावर मध्यापासून कडेपर्यंत सरळ टाके भरावेत. देठ मात्र खाली घटवत घटवत चार टाक्यांवर आणावा आणि तसाच लांब जाऊ द्यावा. ही अळंबी उभी राहत नाही, ती टांगावी लागते. दारात टांगलेली अशी अळंबी बघून मूल विचारतं, की तिला शेपटी का आहे? मग वाळवीची सगळी गोष्ट सांगता येते.

आता घुबड. नमुन्यांच्या ढिगात सगळ्यात जास्त घुबडं सापडतील, कारण ते विणायला सोपं. एक नळी विणायची, वरचं तोंड सपाट मिटायचं, दोन कोपरे आपोआप कान होतात. पण आपल्या गावात, वडाच्या ढोलीत राहणाऱ्या पिंगळ्याला असे कानासारखे तुरे नाहीतच. त्याचं डोकं गोल, डोळे पिवळे, वर पांढऱ्या भुवया, आणि मान जवळजवळ नाही. म्हणून डोक्याचा चेंडू विणून झाला की मानेपाशी फार घटवायचं नाही, थोडं आवळून लगेच अंगाला लागायचं. डोक्यावर पांढऱ्या धाग्याच्या बारीक गाठी घालायच्या, भरतकामात ज्यांना फ्रेंच नॉट म्हणतात त्या. पिंगळ्याचं डोकं अशा ठिपक्यांनी भरलेलं असतं.

हेच ठिपके घातले नाहीत तर? तर तो रानपिंगळा होतो. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, अंग अधिक भरदार, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोट मध्यभागी पांढरं, पायांवर दाट पांढरी पिसं. या एवढ्याशा फरकामागे महाराष्ट्राच्या रानातली एक विलक्षण हकिकत आहे.

१८७३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी या पक्ष्याचं वर्णन केलं. १८८४ पर्यंत त्याचे मोजके नमुने मिळाले, त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं खानदेशात मिळवलेले होते. त्यानंतर तो दिसेनासा झाला. मधे एकच नोंद होती, कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांची. त्यांनी १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळवल्याचं सांगितलं होतं, आणि पेंढा भरावा तसा कापूस भरलेला त्यांचा नमुना संग्रहालयात होता. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना त्याबद्दल शंका आली. नमुना तपासला तेव्हा दिसलं की तो एकदा उसवून पुन्हा भरलेला आहे, आतला मूळ कापूस काढून दुसरा घातलेला आहे. पण पहिल्यांदा तो ज्यानं तयार केला त्याच्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या. त्या डेव्हिडसनच्या कामाशी जुळल्या. म्हणजे हा पक्षी डेव्हिडसननंच खानदेशात मिळवलेला होता. माइनर्ट्‌झहागन यांनी तो संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून आपल्या नावावर केला होता. १९१४ ची नोंद खोटी निघाल्यावर शोधायची जागाही बदलली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला, शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी. आज तो मेळघाटात, तोरणमाळच्या बाजूला, यावलच्या जंगलात, मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही नोंदवला गेला आहे. पण त्याची संख्या फार थोडी आहे आणि तो संकटग्रस्त यादीत आहे.

मला या हकिकतीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की शंभराहून अधिक वर्षांनी, खोटी चिठ्ठी असतानाही, काम करणाऱ्याचा हात ओळखू आला. विणणाऱ्या कुठल्याही बाईला यात नवल वाटणार नाही. दोघींना एकच धागा, एकच सुई, एकच नमुना द्या, तयार झालेले दोन कोल्हे वेगळे असतात. एकीचे टाके इंग्रजी व्हीसारखे पडतात, दुसरीचे एक्ससारखे, कारण एकजण सुईवर धागा वरून घेते आणि दुसरी खालून. एकीचा हात आवळ, एकीचा सैल. माझ्या आईनं विणलेला रुमाल मी दहा रुमालांतून काढून दाखवीन.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती मी विकत घेणाऱ्यांना सांगते. स्वेटर यंत्रावर विणता येतो. खरा क्रोशा कारखान्यातल्या यंत्रावर होत नाही. दुकानात कितीही स्वस्त दिसणारं क्रोशाचं खेळणं कुणीतरी, कुठेतरी, हातानं विणलेलं आहे. मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा विणणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये एक पुस्तक लिहिलं. गोदावरीच्या मुखाशी राहणाऱ्या या बायकांची लेस परदेशी जात होती. दिवसाचे कित्येक तास त्या विणत, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. घरी बसून फावल्या वेळात करतात, एवढ्या सबबीवर त्यांची मजुरी पाडली जात होती. आपल्याकडे घरून खेळणी विणून विकणाऱ्या मुलींशी घासाघीस करताना तोच विचार मनात असतो. त्यांनी तासांचा हिशेब लावून किंमत सांगावी आणि आपण ती द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

धाग्याबद्दल थोडं. आपल्या हवेत, विशेषतः कोकणात, पोटात सरकीचा कापूस भरू नये. तो ओल धरतो आणि काळा पडतो. धुता येईल असं फायबर भरावं. अस्सल लोकरीला कसर लागते, सुती धाग्याला नाही. खेळणं लहान बाळासाठी असेल तर प्लॅस्टिकचे डोळे लावूच नयेत, काळ्या धाग्यानं भरावेत.

शेकरू बऱ्याच जणींनी विणायला घेतला आहे, आणि घ्यावाच. तो आपला राज्यप्राणी, भीमाशंकरला झाडावर सहज दिसतो. त्याची शेपटी अंगाइतकी किंवा अंगाहून लांब असते आणि तिचा रंग टोकाकडे फिका होत जातो, एवढं सांभाळलं तरी ओळख पटते. नुसती तपकिरी खार विणून तिला शेकरू म्हणू नये.

मला सध्या भुरळ घातली आहे ती खवल्या मांजरानं. हा लाजरा, रात्रीच हिंडणारा, मुंग्या-वाळवी खाणारा प्राणी कोकणातल्या डोंगरांत अजून आहे, आणि खवल्यांसाठी त्याची बेसुमार शिकार होते. खवले म्हणजे आपल्या नखांसारखंच केराटिन, औषध म्हणून त्यांत काही नाही. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला भरलेल्या, वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या (साइट्स) परिषदेत खवल्या मांजराच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करायचं ठरलं, आपल्या कायद्यातही त्याला सर्वोच्च संरक्षण आहे, तरी चोरटा व्यापार थांबलेला नाही.

ते विणायचं तर अंगाचा लांबट साचा आधी पुरा करावा, शेपटी मुळाशी जाड ठेवावी, आणि खवले एकेक करून वेगळे विणावेत. शेपटीच्या टोकाला बारीक, पाठीवर मोठे, डोक्याकडे पुन्हा बारीक. जोडायला सुरुवात शेपटीकडून करायची. कौलं वळचणीकडून आढ्याकडे चढवत नेतात तशी, म्हणजे पुढची ओळ मागच्या ओळीची शिवण झाकते आणि खवल्यांची टोकं मागे वळलेली राहतात. पोटाला आणि पायांच्या आतल्या बाजूला खवले नसतात, तिथे फिका धागा वापरावा. फायबर निम्मंच भरावं आणि पोटाकडची वीण सैल ठेवावी. गच्च भरलेल्या खवल्या मांजराला अंगाचं वेटोळं करता येत नाही, आणि तेच तर त्याचं मुख्य संरक्षण आहे.