साखर सोडणारे नट आणि साखर पिकवणारे आपण



हल्ली रविवारची पुरवणी उघडावी तर एखादा नट नाहीतर नटी आपण किती किलो उतरवले याचा हिशेब देत बसलेली दिसते. भात सोडला, पोळी सोडली, बटाटा सोडला. आणि सर्वांत आधी काय सोडले, तर साखर. हे वाचून आपल्या काट्यावर आणि गट ऑफिसात रागाचा सूर निघतो. आपण आडसाली ऊस अठरा-अठरा महिने सांभाळायचा, रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायचं, आणि ह्यांनी एका मुलाखतीत साखरेला विष ठरवायचं, हे कुणाही ऊसवाल्याला झोंबणारच. वार्षिक सभेत निषेधाचा ठराव आणा, अशीही सूचना कानावर आली आहे. आमचे मत विचाराल तर असा ठराव आणू नये.

मुळात हे वेड नवे नाही. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा धंदा करणारा विल्यम बँटिंग नावाचा एक स्थूल गृहस्थ होता. त्याने १८६३ साली एक चोपडी छापली. पाव, साखर, बटाटा, बिअर बंद केली आणि आपण हलके झालो, एवढेच तिच्यात होते. तिचा इतका बोलबाला झाला की त्याचे नाव पथ्याचेच नाव होऊन बसले. पुढे अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांनी १९७२ साली तोच धागा पकडून पुस्तक लिहिले. त्यांच्या नावाची कंपनी निघाली, लाट आली, आणि २००५ साली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आज ज्याला कीटो म्हणतात तो आहार तर १९२१ पासून फेफऱ्याच्या रुग्णांसाठी वापरात आहे. औषध म्हणून निघालेली गोष्ट फॅशन होऊन आपल्यापर्यंत आली, असे हे प्रकरण आहे.

आता पहिल्या आठवड्यात चार किलो उतरले म्हणतात ते कसे? हे ऊसवाल्याइतके दुसऱ्या कुणाला लवकर कळणार नाही. तोडलेला ऊस तीन दिवस फडात पडून राहिला तर काटा कमी भरतो की नाही? भरतो. मग घटले ते काय? पाणी. शरीराचेही तसेच आहे. पिष्ट आणि साखर यांचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत असतो, आणि तो आपल्या तिप्पट वजनाचे पाणी धरून ठेवतो. भाकरी-भात बंद केला की आधी हा साठा संपतो आणि पाणी वाहून जाते. चरबी त्यानंतर, आणि हळूहळू. पुन्हा जेवायला बसले की पाणी परत येते. मुलाखत मात्र पहिल्याच आठवड्याची छापतात.

अमेरिकेतल्या ओप्रा विन्फ्री बाईंचे उदाहरण घ्या. १९८८ साली त्यांनी दूरदर्शनच्या कार्यक्रमात एका हातगाडीवर ३० किलो चरबी ओढत आणून दाखवली, म्हणजे आपण इतकी घटवली म्हणून. ती घटवली होती पातळ आहारावर राहून. पुढे वजन परत वाढले. २०१५ साली त्यांनी वजन घटवण्याच्या एका प्रसिद्ध कंपनीत भागच विकत घेतला, आणि २०२३ साली आपण औषध घेतो असे मोकळेपणाने सांगितले. पैसा, स्वयंपाकी, डॉक्टर सगळे हाताशी असलेल्या बाईची ही तऱ्हा. तिला हसण्यासारखे यात काही नाही. वजन ही इतकी चिवट गोष्ट आहे, एवढेच त्यातून दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग केला, तो २०१८ साली छापून आला. निम्म्यांनी तेल-तूप कमी केले, निम्म्यांनी पिष्ट कमी केले. एका गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने घटले, दुसऱ्याचे ६ किलोने. हा फरक तज्ज्ञांनी मोजण्याजोगा मानला नाही. पण एक गोष्ट दोन्ही गटांना सारखी सांगितली होती, ती लक्षात ठेवा: वरून घातलेली साखर आणि मैदा कमी करा.

आपल्या महाराष्ट्रातही याची मोठी जुगलबंदी झाली. करीना कपूर २००८च्या 'टशन' चित्रपटासाठी एकदम बारीक झाली, तेव्हा तिच्या सल्लागार म्हणून ऋजुता दिवेकर यांचे नाव घरोघरी पोचले. थोडे थोडे खा, वारंवार खा, आणि आजीच्या ताटातले तूप, भात, भाकरी टाकू नका, असा त्यांचा रोख. दुसरीकडे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून त्यांनी सूत्र उचलले: दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवा, ५५ मिनिटांत आटपा, मध्ये गोड चहासुद्धा नको. २०१८-१९च्या सुमारास शासनाने त्यांना लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेचे दूत नेमले, आणि गावोगावच्या पारावर दोन तट पडले. दीक्षितवाले आणि दिवेकरवाले! भाकरी सोडा असे मात्र दोघांपैकी कुणीच म्हणत नाही, ही बाब भांडणाच्या भरात बाजूला राहिली.

आणि भाकरी सोडून आपण सोलापूरकर खाणार तरी काय? मोहोळची मालदांडी, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांवर हा जिल्हा उभा राहिला. ज्वारीत दोन तृतीयांशाहून अधिक पिष्टच आहे, पण त्याबरोबर शंभर ग्रॅममागे दहाएक ग्रॅम चोथाही आहे, म्हणून ती पोटात सावकाश विरघळते. साखरेला चोथा नाही. ती तोंडात टाकली की निघालीच. कोयता घेऊन दिवसभर फडात राबणाऱ्या तोडणी मजुराला पिष्ट कमी कर म्हणणारा माणूस एक दिवस मोळ्या वाहून बघावा. पण मोटारसायकलीवरून बांधाला फेरी मारून परतणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना तो नियम लागू नाही, हेही तितकेच खरे.

आता धंद्याचे बोलू. नटीने चहात साखर घालणे बंद केले म्हणून उसाचा दर पडला, असे कुणी दाखवून द्यावे. देशातली निम्म्याहून अधिक साखर घरात जातच नाही. ती बिस्कीट, थंड पेये आणि मिठाईवाल्यांकडे जाते. आपला दर अडतो तो वेगळ्या ठिकाणी. २०१८-१९च्या हंगामात एफआरपी क्विंटलला २७५ रुपये होती, २०२५-२६ला ती ३५५ झाली. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९मध्ये किलोला ३१ रुपये ठरली आणि पुढे कित्येक हंगाम तिथेच बसून राहिली. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणले, त्या एका कागदाचा फटका सगळ्या चित्रपटसृष्टीच्या पथ्यापेक्षा मोठा होता. ठरावच करायचा तर तो दिल्लीला पाठवण्याजोगा करा, मुंबईच्या स्टुडिओला कशाला?

शिवाय साखरधंद्याने टीकाकारांचे तोंड धरायला गेले की काय होते, ते अमेरिकेत घडून गेले आहे. तिथल्या साखर कारखानदारांच्या संशोधन संस्थेने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना पैसे देऊन १९६७ साली एक लेख लिहवून घेतला. हृदयविकाराचे खापर चरबीवर फुटावे आणि साखर नामानिराळी राहावी, असा त्याचा बेत होता. पन्नास वर्षांनी, २०१६ साली, जुनी पत्रे बाहेर आली आणि साखरवाल्यांची अब्रू गेली. आपला माल चांगला आहे हे सांगायला आपल्याला लाज नाही. पण तो कितीही खाल्ला तरी चालतो, हे आम्ही या पत्रिकेत लिहिणार नाही.

कारण हा प्रश्न आपल्या उंबऱ्याच्या आत आलेला आहे. देशात १० कोटींवर माणसांना मधुमेह आहे, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आले. एकट्या साखरेमुळे मधुमेह होतो असे नाही. वाढलेले पोट, बैठे काम, घराण्याचा वारसा, सगळ्यांचा वाटा आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेले माप डोळ्यांसमोर असावे: वरून घातलेली साखर माणशी रोज ५० ग्रॅमच्या आत, आणि २५च्या आत राहिली तर उत्तम. पाच माणसांच्या घराला महिन्याला हे माप साडेसात किलोच्या आत बसते, आणि उत्तम म्हणाल तर पावणेचार किलोच. बाहेरचे बिस्कीट-पेढे त्यातच धरायचे. दिवसाला दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा घेतले की ४० ग्रॅम तिथेच संपले. आणि पाहुण्याला चहा अगोड दिला तर आपल्याकडे अपमान समजतात!

आणखी एक. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे त्यांनी कुणा नटाचे वाचून एकदम भाकरी-भात बंद करू नये. गोळी तेवढीच आणि खाणे तुटपुंजे झाले तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली येते, माणूस चक्कर येऊन पडतो. आधी डॉक्टरला विचारा.

आमची सूचना साधी आहे. सभासदांना शेअर्सवर सवलतीची साखर मिळते. ठरल्या मुदतीत उचलली नाही तर ती बुडते, म्हणून गरज असो-नसो पोती घरी येतात, आणि आलेली साखर खपते. ज्या घरात पथ्य आहे त्या सभासदाला साखरेऐवजी फरकाची रक्कम ऊसबिलात जमा करून घेण्याची मुभा असावी. हक्क शाबूत राहील, पोत्याची सक्ती राहणार नाही. हिशेब खात्याला थोडे काम वाढेल, ते वाढू द्या. शिवाय गळीत हंगामाच्या तोंडावर प्रत्येक गट ऑफिसात एक दिवस रक्तातली साखर तपासण्याची सोय व्हावी. सभासदांबरोबर टोळीतल्या मजुरांचीही. या दोन्ही बाबी येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घ्याव्यात असे पत्र आम्ही संचालक मंडळाकडे देत आहोत. ज्यांना पटते त्यांनी आपल्या गटाच्या चिटबॉयकडे सही करावी. ज्यांना पटत नाही त्यांनी सभेला येऊन बोलावे.