रोलिंग स्टोन्सचे दीर्घायुष्य

एप्रिल ते जुलै २०२४ या काळात रोलिंग स्टोन्स या इंग्रज रॉक बँडने अमेरिका व कॅनडाचा जो दौरा केला, त्याचे प्रायोजकत्व 'एएआरपी' या संस्थेकडे होते. पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकनांची ही संघटना. तिच्या मूळ नावातच 'निवृत्त' हा शब्द होता. गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स हे दोघेही त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते. निवृत्तांच्या संस्थेने निवृत्त व्हावयास नाकारणाऱ्यांचा पाठीराखा व्हावे, ही गोष्ट विनोदी लेखकांच्या पथ्यावर पडणारी खरी. तथापि या मंडळींच्या वयावरील विनोद ती चाळिशीत होती तेव्हापासून चालू आहेत, आणि टीकेचा हा रोख आरंभापासूनच चुकलेला आहे. रोलिंग स्टोन्सविषयी तक्रार करावयाची झाल्यास ती त्यांच्या सुरकुत्यांची नव्हे, हिशेबाच्या वहीची करावी लागेल.

वयाचा आक्षेप या संगीताच्या कुळालाच लागू पडत नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनावर जॅगर आणि रिचर्ड्स या लहानपणच्या ओळखीच्या दोघा तरुणांची पुन्हा गाठ पडली, ती जॅगरच्या हातातील तबकड्यांमुळे. चक बेरी आणि मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांच्या त्या तबकड्या होत्या. १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबात बँडचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा संस्थापक ब्रायन जोन्सने धारण केलेले नावही मडी वॉटर्सच्याच एका गाण्यातले. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून शिकागोच्या कारखान्यांकडे गेलेल्या मजुरांचे ब्लूज हे संगीत. भोगलेले आयुष्य हेच त्यातील गायकाचे भांडवल. १९६५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवरील 'शिंडिग' या कार्यक्रमाचे बोलावणे आले तेव्हा स्टोन्सनी हाउलिन वुल्फ या चोपन्न वर्षांच्या गायकालाही बोलवावे असा आग्रह धरला, आणि तो गात असता ते त्याच्या पायाशी बसले. ख्यालगायकीवर पोसलेल्या मराठी श्रोत्याला या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्यांनी असे गुरू केले त्यांनी म्हातारपणी गाऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही.

परंतु त्याच तरुणांभोवती दुसरीही एक शाळा भरलेली होती, आणि तिचे धडेही त्यांनी मन लावून गिरवले. १९६३ मध्येच व्यवस्थापक अँड्र्यू ओल्डहॅम याने इयन स्टुअर्ट या पियानोवादकाला बँडमधून दूर केले. कारण काय, तर सहा माणसे फार होतात आणि स्टुअर्टचा चेहरा चित्रात शोभत नाही. (स्टुअर्ट रागावून गेला नाही. सामान वाहणे, दौऱ्याची व्यवस्था पाहणे आणि मनाला आले तर पियानो वाजवणे, हे त्याने १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवले. या साऱ्या कहाणीत निरपेक्ष असे जर कोणी असेल तर तो हा.) १९६५ मध्ये अॅलन क्लाइन हा न्यूयॉर्कचा व्यवहारपटू गृहस्थ कारभार पाहू लागला. त्याने ध्वनिमुद्रिका कंपनीकडून मोठ्या रकमा वसूल करून दिल्या खऱ्या. पण काडीमोड झाला तेव्हा १९७१ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांची व गाण्यांची मालकी त्याच्या कंपनीकडेच राहिली. 'सॅटिस्फॅक्शन' जगभर वाजत होते आणि त्याची तिजोरी दुसऱ्याच्या घरात होती. त्यात ब्रिटिश प्राप्तिकराचे ओझे. अखेर १९७१ मध्ये ही मंडळी देश सोडून दक्षिण फ्रान्समध्ये गेली.

तेथे व्हिलफ्रांश गावी रिचर्ड्सने भाड्याने घेतलेल्या 'नेलकोट' या हवेलीच्या कोंदट तळघरात, बाहेर उभ्या केलेल्या मोटारीतील यंत्रांवर, जे ध्वनिमुद्रण झाले त्यातून 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' ही १९७२ ची जोडतबकडी निघाली. १९६८ च्या 'बेगर्स बँक्वेट'पासून येथवरच्या, जिमी मिलर या निर्मात्याच्या हाताखाली घडलेल्या चार ध्वनिमुद्रिका हेच या बँडचे खरे कर्तृत्व होय. त्या काळात तबकडी हे मुख्य काम होते आणि दौरा हा तिची खबर लोकांना देण्याचा मार्ग होता. याचा अर्थ ते दिवस रम्य होते असा नव्हे. डिसेंबर १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे, राखणीसाठी बोलावलेल्या मोटारसायकलस्वारांच्या टोळीतील एकाने प्रेक्षकांतील तरुणाला भोसकून ठार केले, ते स्टोन्स व्यासपीठावर असतानाच. पुढील दौरे अधिक शिस्तीचे झाले याची खंत कोणी करू नये.

खंत आहे ती निराळी. साध्य आणि साधन यांची अदलाबदल झाली, आणि ती १९८१ मध्ये लख्ख दिसली. अमेरिकेचा दौरा तोंडावर आला होता आणि नव्या गाण्यांना वेळ नव्हता. म्हणून १९७२ पासून अपुरी राहिलेली गाणी बासनातून काढून, पुसून-घासून 'टॅटू यू' तयार झाली. तबकडी उत्तम निघाली हा भाग अलाहिदा. त्या दौऱ्याला एका अत्तराच्या कंपनीने पैसे दिले. अशी मोठी प्रायोजकी रॉकच्या जगात तोवर अपरिचित होती. याच दौऱ्यात २२ नोव्हेंबर रोजी जॅगर, रिचर्ड्स आणि रॉनी वुड शिकागोच्या 'चेकरबोर्ड लाउंज' या लहानशा क्लबात गेले आणि मडी वॉटर्सच्या मैफलीत सामील झाले. ते चित्रण उपलब्ध आहे. सत्तरीकडे झुकलेला तो गायक हात वर करून शिष्यांना एकेक ओळ देतो, आणि मैदानात धावपळ करणारा जॅगर येथे निमूटपणे आपली पाळी येण्याची वाट पाहतो. स्टोन्सना म्हातारे कसे व्हावे याचा धडा त्या रात्री समोर मांडून ठेवलेला होता. मग ते पुन्हा मैदानाकडे वळले.

१९८९ मध्ये मायकेल कोल या कॅनेडियन कंत्राटदाराने 'स्टील व्हील्स'चा सबंध दौराच एकगठ्ठा विकत घेतला, आणि तिकिटांपासून सदऱ्यांपर्यंत सारे एका हिशेबात आले. २००५ ते २००७ च्या दौऱ्याने सुमारे ५५ कोटी ८० लाख डॉलर जमा केले. तो त्या काळचा उच्चांक होता. आता दुसरी बाजू पाहावी. १९६४ ते १९७४ या अकरा वर्षांत या बँडने ब्रिटनमध्ये स्टुडिओत केलेल्या बारा ध्वनिमुद्रिका काढल्या. १९९० ते २०२३ या चौतीस वर्षांत स्वतःच्या नव्या गाण्यांच्या निघाल्या त्या चार, आणि शेवटच्या दोहोंत अठरा वर्षांचे अंतर. २००२ च्या 'फोर्टी लिक्स' या संग्रहात चाळीस गाण्यांपैकी नवी चार होती. याच संग्रहाच्या दौऱ्यात एप्रिल २००३ मध्ये बंगलोर आणि मुंबईला त्यांची भेट घडली. चीनमधील कार्यक्रम सार्सच्या साथीमुळे रद्द झाले, येथले झाले. ७ एप्रिलला ब्रेबोर्न स्टेडियमवर जमलेल्या श्रोत्यांचा आनंद खोटा नव्हता. पण पहिल्या कार्यक्रमानंतर चाळीस वर्षांनी त्यांच्या वाट्याला आलेला बँड बव्हंशी स्वतःचीच जुनी गाणी सादर करणारा होता, हेही तितकेच खरे.

यावर बचाव असा की, श्रोत्यांनाच जुनी गाणी हवी असतात. हा बचाव पोकळ नाही. शिवाय २००६ मध्ये रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर, २०१६ मध्ये हवानात त्यांनी विनामूल्य गाऊन लाखोंना आनंद दिला, तो कोणत्या हिशेबात धरावा? पण श्रोत्याला दुसरे काही देऊनच पाहिले नाही, तर त्याला काय हवे हे कळणार कसे? डिसेंबर २०१५ मध्ये नव्या गाण्यांसाठी जमले असता हात मोकळा करण्यासाठी ते जुने ब्लूज वाजवू लागले आणि तीन दिवसांत 'ब्लू अँड लोनसम' पुरी झाली. बाराही गाणी इतरांची. पण जॅगरचा मुखबाजा आणि चार्ली वॉट्सचे संयमी ड्रमवादन यांत जो जिवंतपणा आहे, तो मैदानी दौऱ्यांच्या मागून निघणाऱ्या थेट ध्वनिमुद्रणांत शोधूनही सापडत नाही. वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी ऐंशीव्या वर्षी वारला. महिन्याभरात दौरा पुन्हा सुरू झाला, त्याच्या जागी स्टीव्ह जॉर्डन बसला.

२०२३ च्या 'हॅकनी डायमंड्स'चा शेवट, ज्या गाण्याने या बँडला नाव दिले त्याच मडी वॉटर्सच्या गाण्याने होतो. डार्टफर्ड स्टेशनावरचे ते दोघेच त्यात आहेत. एक गिटार, एक मुखबाजा आणि एक थकलेला, म्हणूनच खरा वाटणारा आवाज. छोट्या जागेत ते कधी वाजवीत नाहीत असे नाही; पण बहुधा नव्या तबकडीच्या वा दौऱ्याच्या नांदीपुरतेच. अशा गाण्यांची एक सबंध संध्याकाळ करावयास साठ हजार खुर्च्यांचे मैदान लागत नाही. दोनशे खुर्च्यांची खोली पुरते, आणि तिचे भाडे भरण्याइतके पैसे रोलिंग स्टोन्सपाशी खचित आहेत.