सतरा रुपये सत्तर पैसे

खात्यावर वर्षभरात व्याज किती जमा झाले आणि शुल्कापोटी किती गेले, हा दोन आकड्यांचा हिशेब प्रत्येक छोट्या खातेदाराला मराठीत, लेखी मिळायला हवा. त्याच्या हक्काची चांगली बचत योजना त्याच काउंटरवर त्याला दिसायलाही हवी.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या कोणत्याही बँकेत पासबुकाच्या यंत्रासमोर रांग असते. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, निराधार योजनेचे पैसे आले का हे पाहायला आलेले आजोबा, शिष्यवृत्तीची वाट पाहणारा मुलगा. पासबुक हातात आले की माणूस आधी शेवटची शिल्लक पाहतो, मग बोट हळूहळू वर सरकवतो. मध्येच एक आकडा येतो, १७.७०. तीन महिन्यांनी पुन्हा तोच. कुठे २३६, कुठे ४३६, कुठे नुसते २०. समोर इंग्रजी आद्याक्षरांची अर्धवट तुटलेली ओळ. ‘हे कशाचे कापले हो?’ असे काउंटरवर विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते, ‘ते सिस्टीममधून कापले जाते.’ बाई मान हलवते, पासबुक पिशवीत घालते आणि कामाला जाते.

त्या ओळींचा अर्थ असा. सतरा रुपये सत्तर पैसे म्हणजे अनेक बँका दर तिमाहीला एसएमएससाठी घेतात ते पंधरा रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. २३६ म्हणजे डेबिट कार्डाचे वर्षाचे दोनशे रुपये, त्यावर पुन्हा जीएसटी. आता साधा हिशेब मांडू. तिच्या खात्यावर वर्षभर सरासरी १२ हजार रुपये आहेत. २०२५ मध्ये रेपो दर उतरले तसे मोठ्या बँकांनी बचत खात्याचे व्याज अडीच टक्क्यांवर आणले. म्हणजे वर्षाचे व्याज ३०० रुपये. एसएमएसचे चार तिमाहींचे ७० रुपये ८० पैसे आणि कार्डाचे २३६ मिळून कपात ३०६ रुपये ८० पैसे. वर्षभर पैसे बँकेत ठेवले आणि वर्षाअखेरीस मुद्दलातलेच सहा रुपये ऐंशी पैसे गेले. यात तिने ना हप्ता चुकवला, ना धनादेश परत गेला, ना एटीएमचे मोफत व्यवहार ओलांडले. ते ओलांडले असते, तर १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणखी गेले असते.

बँक बुडाली की पहिल्या पानावर बातमी येते. ही झीज मात्र बातमी होत नाही, कारण एका खात्यातून जाणारी रक्कम भांडावे इतकी मोठी नसते. पण ज्याच्या खात्यावर पाच लाख आहेत त्याला ३०७ रुपये जाणवत नाहीत, आणि ज्याच्या खात्यावर १२ हजार आहेत त्याचे सगळे व्याज त्यात जाते. सरसकट आकारलेले शुल्क असे सर्वात हलक्या खिशावर सर्वात जड पडते. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

किमान शिलकीच्या दंडात तर हे उघडच दिसते. ज्याच्याजवळ पैसे कमी, त्याला पैसे कमी असल्याबद्दल दंड. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केल्याची माहिती सरकारनेच संसदेत दिली होती. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये ही अट सर्व बचत खात्यांवरून काढली, कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन अशा बँकांनी २०२५ च्या मध्यावर काढली. हे चांगले झाले. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक ५० हजारांवर नेली, ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती १५ हजारांवर आणली. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी त्या वेळी सांगितले, की किती शिल्लक ठेवायला लावायची हे ज्या-त्या बँकेने ठरवायचे. खासगी बँकेने आपले ग्राहक निवडावेत, हे एकवेळ मान्य. पण ज्या खात्यात सरकारी मदत जमा होते तिथे तरी हा दंड लागता कामा नये. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे पहिले पैसे जमा झाले, तेव्हा काही बँकांनी जुन्या थकीत शुल्कापोटी त्यातूनच रक्कम वळती केली. ते पैसे कापू नका, असे राज्य सरकारला बँकांना बजावावे लागले. महिला रांगेत उभ्या राहिल्या त्या पैसे काढायला, आणि कळले ते बँकेचे देणे फिटले एवढेच.

खेदाची गोष्ट म्हणजे नियम खातेदाराच्या बाजूने आहेत. शिल्लक कमी झाली तर दंड लावण्याआधी खातेदाराला कळवायचे, भरपाईला महिनाभर मुदत द्यायची, दंड तुटीच्या प्रमाणात ठेवायचा आणि निव्वळ या दंडामुळे खाते उण्यात जाऊ द्यायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्येच बजावले आहे. बंद पडलेल्या खात्यावर हा दंड लावताच येत नाही. शिवाय किमान शिलकीची अटच नसलेले ‘मूलभूत बचत खाते’ २०१२ पासून प्रत्येक बँकेत आहे. त्यात एटीएम कार्डाला वार्षिक शुल्क नाही आणि महिन्याला चार वेळा पैसे विनामूल्य काढता येतात. त्या बाईला हे खाते पुरेसे आहे. तिचे आहे तेच खाते त्यात बदलून मिळते. पण तसे कोणी तिला सांगत नाही, आणि माहीत नसलेली गोष्ट ती मागणार कशी?

उरलेल्या दोन ओळींबद्दलही बोलायला हवे, कारण सगळीच कपात वाईट नसते. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा, २० म्हणजे अपघाताचा सुरक्षा विमा, प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण. इतक्या कमी पैशात दुसरीकडे हे मिळणार नाही, तेव्हा ते बंद करू नका. पण आपला विमा आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसेल, तर माणूस गेल्यावर दावा करणार कोण? त्याचे २० रुपये दरवर्षी गेलेले असतात आणि त्याच्या बायकोला दोन लाखांचा पत्ता नसतो. पासबुकावरची ती ओळ मराठीत छापली, तर एखादे घर वाचेल.

कपातीइतकेच नुकसान पडून राहिलेल्या पैशाचे होते. बचत खाते हे येण्याजाण्याचे दार आहे, तिथे पैसा मुक्कामाला ठेवायचा नसतो. तरीही शेत विकून आलेले, निवृत्तीनंतर मिळालेले, मुलीच्या लग्नासाठी जमवलेले पैसे वर्षानुवर्षे अडीच टक्क्यांवर पडलेले असतात. आणि त्याच बँकेत, त्याच काउंटरवर भारत सरकारचे ‘फ्लोटिंग रेट बचत रोखे’ मिळतात. लोक त्यांना सरळ ‘आरबीआय बॉण्ड’ म्हणतात. १ जुलै २०२० पासून ते खुले आहेत. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या म्हणजे एनएससीच्या दरापेक्षा ०.३५ टक्का जास्त, असा त्यांचा दर ठरतो. २०२५ मध्ये एनएससी ७.७ टक्क्यांवर होते, म्हणून रोख्यांवर ८.०५ टक्के मिळाले. एक हजारापासून कितीही रक्कम गुंतवता येते, व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला खात्यात जमा होते. पाच लाख रुपये बचत खात्यावर ठेवले तर वर्षाला साडेबारा हजार, या रोख्यांत ठेवले तर ४० हजार २५०. हमी सरकारची, जोखीम बँक बुडण्याची नाही.

मग निवृत्त शिक्षकाची रक्कम खात्यावर जमा झाली, की दुसऱ्या दिवशी बँकेतून येणारा फोन या रोख्यांसाठी का नसतो? कारण रोखे विकून शंभराला पन्नास पैसे सुटतात आणि विमा पॉलिसीवर त्याच्या कितीतरी पट. मुदत ठेव करायला गेलेला माणूस पॉलिसी घेऊन परत येतो. पहिल्या वर्षी त्याला वाटते की एफडीच केली, दुसऱ्या वर्षी हप्त्याची नोटीस आली की खरे कळते. अशी पॉलिसी हातात पडली असेल, तर मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. हा हक्क आहे, उपकार नव्हे. मात्र पाकीट न उघडता कपाटात ठेवले, तर तो हक्कही मुदतीबरोबर संपतो.

रोख्यांच्या अडचणी लपवणेही तितकेच चुकीचे ठरेल. मुदत सात वर्षांची आहे. मध्ये मोडता येत नाहीत, सवलत आहे ती साठीच्या पुढच्यांनाच. साठ ते सत्तर वयाला सहा वर्षांनी, सत्तर ते ऐंशीला पाच आणि ऐंशीच्या पुढे चार वर्षांनी. त्यांच्या तारणावर कर्ज मिळत नाही, व्याजावर कर लागतो आणि एनएससीचा दर उतरला तर हाही उतरतो. म्हणून दवाखाना, शाळेची फी, पेरणी यांसाठी तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा, वर्ष-दोन वर्षांत लागणारे पैसे आवर्ती किंवा मुदत ठेवीत ठेवावेत आणि त्यापलीकडचे रोख्यांत घालावेत. साठी ओलांडलेल्याने आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहावी. २०२५ मध्ये तिचा दर ८.२ टक्के होता, मर्यादा ३० लाखांची आहे आणि व्याज दर तिमाहीला मिळते.

हे सगळे सांगणारी माणसे एकेकाळी महाराष्ट्रात दारोदार फिरत. अल्पबचतीच्या महिला एजंट महिन्याला घरी येत, आरडीच्या पुस्तकावर नोंद करत, ‘वहिनी, या महिन्यापासून शंभर वाढवा’ म्हणत. जिल्हाधिकाऱ्यांना अल्पबचतीचे उद्दिष्ट असे, कारण जमलेल्या पैशातला मोठा वाटा राज्याला कर्जाऊ मिळे. पुढे ती साखळी तुटली. १ डिसेंबर २०११ पासून पीपीएफ आणि ज्येष्ठांच्या योजनेवरचे एजंटांचे कमिशन बंद झाले, प्रमाणपत्रांवरचे निम्मे झाले. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर महाराष्ट्रासह बहुतेक राज्ये त्या कर्जव्यवस्थेतून बाहेर पडली. सरकारचा खर्च वाचला असेल, पण दारात येऊन समजावणारे माणूस गेले. पुण्यात अल्पबचत भवनाची पाटी अजून आहे. दारात येणारे माणूस मात्र आता बहुधा दुसरेच काही विकायला आलेले असते.

ती रिकामी जागा कोणी भरली, हेही पाहावे. गावोगावच्या पतसंस्था आणि त्यांचे पिग्मी एजंट रोज दुकानात येऊन पैसे घेऊन जातात, माया लावतात, एक-दोन टक्के जास्तही देतात. त्यातल्या अनेक प्रामाणिक आहेत. पण ठेव विम्याचे पाच लाखांचे संरक्षण बँकेतल्या ठेवीला असते, पतसंस्थेतल्या ठेवीला नसते, हे सांगण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. पीएमसी बँकेच्या ठेवीदारांनी २०१९ मध्ये सोसले, न्यू इंडिया सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी २०२५ मध्ये. त्यांना निदान विम्याचा आधार होता. पतसंस्था बुडाली, तर तेवढाही नसतो.

यावर उपाय महागडे नाहीत. पहिला, एप्रिलमध्ये प्रत्येक बचत खातेदाराला एका ओळीचा उतारा द्या. वर्षभरात व्याज इतके दिले, शुल्क इतके घेतले. तो पासबुकावर मराठीत छापा. दुसरा, व्याजापेक्षा शुल्क जास्त होत असेल, तर मूलभूत बचत खात्यात बदल करण्याचा पर्याय बँकेनेच त्या उताऱ्यासोबत द्यावा. तिसरा, सरकारी मदत जमा होणाऱ्या खात्यातून कोणतेही जुने शुल्क वळते करू नये. चौथा, विमा विकणाऱ्या प्रत्येक शाखेत बचत रोख्यांचा आणि टपाल योजनांचा दर तितक्याच मोठ्या अक्षरांत लावावा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढावे आणि राज्यस्तरीय बँकर्स समितीने त्याचा पाठपुरावा करावा, एवढे पुरे.

तोवर वाचकांनी एक करावे. या रविवारी घरातली सगळी पासबुके बाहेर काढा, आईवडिलांची आणि घरात कामाला येणाऱ्या मावशींचीही. प्रत्येक कपातीसमोर ती कशाची आहे हे पेन्सिलने लिहा. वारसाचे नाव लावले आहे ना, तेही पाहा. ज्या ओळीचा अर्थ लागत नाही, तिच्यासाठी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. ‘हे कशाचे कापले हो?’ हा प्रश्न त्या बाईने बरोबर विचारला होता. ‘सिस्टीममधून कापले जाते’ या उत्तरावर तिने परत फिरू नये आणि तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या आपणही तिला एकटीला परत पाठवू नये.