पिंपरीचा विसरलेला धडा

मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्गाने सूज येते तेव्हा रोग्याचे भवितव्य दिवसांवर नव्हे, तासांवर अवलंबून असते. तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, ताठरलेली मान आणि पाहता पाहता हरपणारी शुद्ध! मेनिंजायटिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगावर योग्य प्रतिजैविक, भरपूर मात्रेत, शिरेवाटे आणि तत्काळ देणे हाच मुख्य उपाय होय. आजही या रोगाने सुमारे सहांपैकी एक रोगी दगावतो आणि वाचलेल्या पाचांपैकी एकाला बहिरेपणासारखे गंभीर व्यंग जडते. असे औषध ऐन वेळी परदेशातून येण्याची वाट पाहत बसणे कोणत्याही राष्ट्राला परवडणारे नाही.

स्वतंत्र भारताने हे वेळीच ओळखले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा जो पट्टा आज मोटारींसाठी प्रसिद्ध आहे, त्याच्या औद्योगिक जीवनाचा पाया घालणाऱ्या कारखान्यांत हा एक होता.

पुढे काय झाले? १९९१ नंतर आयातीची दारे उघडली आणि स्वस्त चिनी मालापुढे पेनिसिलीनचे उत्पादन देशातून जवळजवळ नाहीसे झाले. देणी भागविण्यासाठी पिंपरीच्या कंपनीची जादा जमीन विकण्याचा निर्णय केंद्र सरकारला २०१६ साली घ्यावा लागला. बाहेर स्वस्त मिळते ते घरी कशाला करावे, हा हिशेब वहीत बरोबर दिसतो. परंतु पुरवठा अडला तर त्याची किंमत कोण मोजणार, हे त्या वहीत लिहिलेले नसते.

काही जंतू पेनिसिलीनला दाद देत नाहीत, म्हणून डॉक्टर आता या रोगात प्रथम सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन देतात, तेव्हा जुन्या कारखान्याचे दुःख कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु त्या औषधाचे मूळ द्रव्यही बुरशीच्या किण्वनातूनच मिळते, आणि त्यासाठीही आपण बव्हंशी चीनकडेच पाहतो. तेव्हा गमावली ती एका औषधाची निर्मिती नव्हे, एक संपूर्ण विद्या होय.

२०२० साली केंद्राने प्रोत्साहन योजना आखली आणि २०२४ साली आंध्रातील काकीनाडा येथे पेनिसिलीनचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. ही गोष्ट अभिनंदनीय खरी. परंतु जे पिंपरीत आपल्या हाती होते, तेच पुन्हा उभारण्यासाठी राष्ट्राला नव्याने खर्च करावा लागला, हेही विसरता येत नाही. केवळ कारखाना उभारून भागणार नाही. प्राणरक्षक प्रतिजैविके देशी मूलद्रव्यांपासून बनवून घेण्याची आणि ती सरकारी रुग्णालयांसाठी रास्त दराने, दीर्घ मुदतीच्या कराराने खरेदी करण्याची हमी सरकारने दिली पाहिजे. तसे न झाल्यास काकीनाड्याचीही पिंपरी व्हावयास वेळ लागणार नाही.